शांघायमध्ये बस्तान बसवताना: नाव, नंबर आणि पत्ता

शांघायच्या एका बँकेत खिडकीसमोर मी तिसऱ्यांदा बसलो होतो. पलीकडची मुलगी अदबीनं हसत होती, पण तिच्या संगणकाला मी काही सापडत नव्हतो. कारण अस्सल मराठी होतं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टात आडनाव एका ओळीत, उरलेली दोन नावं दुसऱ्या ओळीत. सिमकार्ड देणाऱ्यानं माझं नाव आधी टाइप केलं होतं. बँकेनं आडनाव आधी घेतलं आणि वडिलांचं नाव रकान्यात मावेना म्हणून अर्ध्यावर सोडलं. पैसे देण्याच्या अ‍ॅपला या दोन माणसांपैकी एकही पटेना. चिनी माणसाचं नाव दोन-तीन अक्षरांत आटोपतं, आपल्या नावात मात्र अख्खं घराणं असतं.

त्या दिवशी कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझा महिनाभराचा मनस्ताप वाचला असता. या शहरात तुमची ओळख तीन खुंट्यांवर टांगलेली असते: पासपोर्टवरचं नाव, चिनी मोबाइल नंबर आणि पोलिसांकडे नोंदवलेला पत्ता. बँक, घर, रेल्वे, दवाखाना, सायकल, पार्सल, सगळं या तिघांवर. तिन्ही जुळले की शांघायइतकं सोयीचं शहर मी तरी पाहिलेलं नाही. एक जरी निसटलं तर चहाचे पैसे देतानाही घाम फुटतो.

हा लेख नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहे. आठ दिवस फिरायला येणाऱ्यांनी ३, ५ आणि ८ हे मुद्दे वाचले तरी पुरे.

## १. निघण्यापूर्वी: जे भारतातच होतं ते भारतातच करा

इथे आल्यावर एखादा कागद राहिला म्हणून घरच्यांना तहसील, नोटरी, मंत्रालय अशा खेपा घालायला लावणं फार महागात पडतं. सोबत हवंच असं:

- पासपोर्ट, आणि पहिल्या-शेवटच्या पानांच्या पाच-सहा झेरॉक्स
- पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, दोन्ही साक्षांकित
- आधीच्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं, तारखा आणि हुद्द्यासह
- कुटुंब येणार असेल तर लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, तेही साक्षांकित
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे ३३ × ४८ मिलिमीटरचे फोटो, डझनभर (आपला नेहमीचा पासपोर्ट फोटो वेगळ्या मापाचा असतो)
- व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड, परदेशी व्यवहार सुरू केलेलं
- नेहमीची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव

साक्षांकन म्हणजे कोपऱ्यावरच्या नोटरीचा शिक्का नव्हे. माझी पदवी आधी राज्य सरकारकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि शेवटी चिनी वकिलातीकडे अशी फिरून आली. ‘अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून लावतात तो एकच शिक्का) केलं की झालं’ असं एजंट छातीठोकपणे सांगतात. ऐकू नका. तुमच्या इथल्या कंपनीला नेमके कोणते शिक्के लागतात ते लेखी विचारून घ्या.

यातला खास आपल्याकडचा सापळा बायकोच्या नावाचा. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. कुणी मधलं नाव बदललेलं, कुणी पहिलंसुद्धा. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण कुटुंबाचा व्हिसा तपासणाऱ्या चिनी अधिकाऱ्याच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या बायका असतात. चीनमध्ये लग्नानंतर बाईचं नाव बदलतच नाही, त्यामुळे त्यांना हा प्रकार समजावणंही अवघड. राजपत्रातली नोंद किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

निघण्याआधी भारतीय सिमवर रोमिंग चालू करा. ते का, ते पाचव्या मुद्द्यात येईल. आणि तुमचं नाव कोणत्या क्रमानं लिहायचं ते आत्ताच ठरवा. पासपोर्टच्या सगळ्यात खाली, बाणांच्या खुणांत गुंफलेल्या दोन ओळी असतात. त्यात आधी आडनाव, मग बाकीची नावं येतात. तोच क्रम, मोठी अक्षरं. कागदाच्या कपट्यावर लिहून पाकिटात ठेवा आणि जिथे जाल तिथे तोच पुढे करा.

## २. पहिले २४ तास: पोलिसात नोंद

चीनमध्ये उतरल्यापासून २४ तासांच्या आत तुम्ही कुठे राहता याची पोलिसांकडे नोंद झाली पाहिजे. हा २०१३ च्या जुलैपासून लागू असलेला कायदा आहे. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच ती नोंद करतं. मित्राकडे किंवा भाड्याच्या घरात उतरलात तर तुम्ही आणि घरमालकानं करायची. त्या भागातल्या पोलीस ठाण्याला ‘पाइछूसुओ’ म्हणतात, हा शब्द पाठ करा. शांघायमध्ये मोबाइलवरूनही नोंद करता येते, पण पहिल्या खेपेला ठाण्यात जाऊन शिक्क्याचा कागद घ्यावा असं माझं मत. पुढे सगळीकडे तोच मागतात.

विसरलात तर ताकीद मिळते, २,००० युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. पैशांपेक्षा वाईट म्हणजे निवास परवान्याच्या अर्जाच्या वेळी हे निघतं.

नोंद एकदाच करून भागत नाही. घर बदललं, व्हिसाच्या जागी निवास परवाना आला, पासपोर्ट नवा आला, की पुन्हा ठाण्यात. तिथली माणसं आपल्याकडच्या चौकीवरच्यांसारखी वसकन अंगावर येत नाहीत. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मात्र जाऊ नका, तेव्हा ती खरंच जेवतात.

पहिले दोन आठवडे हॉटेलात काढा, असं मी प्रत्येकाला सांगतो. नोंदीची कटकट वाचते आणि घर घाईत घ्यावं लागत नाही. पासपोर्ट मात्र कायम जवळ ठेवायचा. १६ वर्षांवरच्या परदेशी माणसाला कायद्यानं ते बंधनकारक आहे.

## ३. मोबाइल नंबर, वीचॅट आणि आईशी बोलणं

चायना मोबाइल, चायना युनिकॉम, चायना टेलिकॉम, तिघांपैकी कुणाचंही सिम चालेल. मोठ्या अधिकृत दुकानात जा, पासपोर्ट द्या, तिथेच तुमचा फोटो काढतात. सिम हातात आल्यावर एक काम न विसरता करा: त्यांच्या पडद्यावर तुमचं नाव कसं टाइप झालंय ते पाहा आणि फोटो काढून ठेवा. माझी सगळी रामकथा या खिडकीपासून सुरू झाली होती.

मग वीचॅट. गप्पा, ऑफिसचे निरोप, घरमालक, शाळेचा गट, भाजीवाल्याचे पैसे, सगळं यातच. पण भारतात या अ‍ॅपवर २०२० च्या जूनपासून बंदी आहे, त्यामुळे तिथून निघताना ते घेता येत नाही. इथे उतरल्यावर आयफोनवाल्यांनी अ‍ॅप स्टोअरचा देश बदलावा. अँड्रॉइडवाल्यांनी वीचॅटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवावं, कारण गूगलचं दुकान इथे उघडत नाही. खातं काढताना बहुधा एखाद्या जुन्या वापरकर्त्याला तुमचा क्यूआर कोड स्कॅन करून हमी द्यावी लागते. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला पहिल्या दिवशीच गाठा.

आता दुसरी बाजू. व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, यूट्यूब, गूगल नकाशे, फेसबुक हे इथल्या इंटरनेटवर बंद. म्हणजे आईकडे वीचॅट नाही आणि तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही. भारतीय सिमवर रोमिंगचा डेटा घेतलात तर तो भारतातल्या कंपनीमार्गे फिरतो आणि व्हॉट्सअ‍ॅप चालतं. पहिल्या आठवड्यासाठी हा उपाय चांगला. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम चालतं. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयात परवानगीची आंतरराष्ट्रीय लाइन असते. खासगी व्हीपीएन (बंद संकेतस्थळं आडवाटेनं उघडून देणारं अ‍ॅप) कायद्यात बसत नाही आणि नेमका सणाच्या दिवशी बंद पडतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. बँका, विमा, भारतातला कर अशा खात्यांना जीमेल जोडलेलं असेल तर निघण्याआधीच इथे उघडणारा दुसरा ईमेल द्या.

नकाशासाठी ‘आमॅप’ घ्या, त्यात इंग्रजी आहे. आयफोनचा स्वतःचा नकाशाही इथे नीट चालतो. गूगलचा नकाशा कसाबसा उघडलात तरी चीनमध्ये तो तुम्हाला काही वेळा नदीत उभा दाखवतो. इथल्या नकाशांची अधिकृत मोजपट्टी वेगळी असल्यानं तसं होतं.

## ४. वैद्यकीय तपासणी आणि निवास परवाना

नोकरीचा झेड व्हिसा फक्त आत येण्यापुरता असतो. त्यावर राहण्याच्या दिवसांच्या जागी ‘०००’ छापलेलं पाहून आमच्या एका मित्राला विमानतळावरच घाम फुटला होता. त्याचा अर्थ इतकाच की आल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा.

क्रम असा: पोलीस नोंद, वैद्यकीय तपासणी, कामाचा परवाना, निवास परवाना. कामाच्या परवान्याचा अर्ज आल्यापासून १५ दिवसांत जायला हवा. तो कंपनी करते, पण तारखेवर लक्ष तुम्ही ठेवा.

तपासणी छांगनिंग भागात, चिनबांग रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय प्रवास आरोग्य केंद्रात होते. रिकाम्या पोटी जा. हातात एक कागद देतात आणि या खोलीतून त्या खोलीत पाठवत राहतात: रक्त, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, डोळे, वजन-उंची. दर खोलीत तीन-चार मिनिटं. इतक्या झपाट्यानं काम उरकतं की आपली तपासणी झाली की आपल्यावर नुसता शिक्का मारला, असा प्रश्न पडतो.

निवास परवान्याचं मुख्य कार्यालय पुदोंगमध्ये मिनशंग रस्त्यावर १५०० क्रमांकाच्या इमारतीत आहे. मेट्रोच्या दोन नंबर लाइनवर सायन्स अँड टेक्नॉलॉजी म्युझियम स्टेशनला उतरायचं. शुल्क वर्षाच्या आतल्या परवान्याला ४०० युआन, एक ते तीन वर्षांपर्यंत ८०० युआन. पासपोर्ट ठेवून घेतात आणि पावती देतात. ती पावती जिवापाड जपा. तिच्यावर हॉटेल मिळतं, रेल्वेनं जाता येतं. देशाबाहेर मात्र जाता येत नाही.

इथला सगळ्यात मोठा सापळा हाँगकाँग. झेड व्हिसा बहुधा एकाच प्रवेशाचा असतो आणि हाँगकाँग किंवा मकावला जाणं म्हणजे चीनबाहेर जाणंच. परवाना होण्याआधी शनिवार-रविवार हाँगकाँगला फिरायला गेलात तर परतीची वाट बंद, आणि व्हिसाचा सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

अडलात तर १२३६७ हा इमिग्रेशन खात्याचा फोन चोवीस तास चालतो आणि इंग्रजीतही बोलतात.

## ५. पैसे: आधी अलीपे, मग बँक

खातं उघडेपर्यंत उपाशी राहायची गरज नाही. अलीपे या पैसे देण्याच्या अ‍ॅपला पासपोर्ट आणि परदेशी कार्ड जोडलं की लगेच पैसे देता येतात. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के. म्हणून भाजी-जेवण कार्डावर चालवा, घरभाडं नको.

कार्ड जोडताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. रोमिंग त्यासाठी. ते बंद असलेली माणसं मी विमानतळाच्या कॉफीच्या दुकानात हवालदिल बसलेली पाहिली आहेत. शंभरेक युआनच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. रोख नाकारायला दुकानदाराला परवानगी नाही, सुटे शोधताना तो कपाळाला हात लावतो तो भाग वेगळा.

बँकेत खातं उघडायला पासपोर्ट, निवास परवाना, चिनी नंबर आणि कंपनीचं पत्र न्या. भारतातला पॅन नंबरही विचारतात. पगार ज्या बँकेत येतो तिथेच, आणि जमलं तर कंपनीजवळच्या शाखेत जा. तिथे परदेशी माणसाची सवय असते. नाव टाइप होत असताना लाजू नका, पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. पासपोर्टची खालची ओळ, सिमचं नाव, बँकेचं नाव: स्पेसपर्यंत सारखं. माझ्या बाबतीत शेवटी बँकेनं नव्हे, सिम कंपनीनं नाव दुरुस्त केलं, आणि मग पाच मिनिटांत सगळं जुळलं.

## ६. घर शोधणं

यावर जरा जास्त बोलतो, कारण पैसा इथे अडकतो.

दलाल हवाच. त्याला चुंगच्ये म्हणतात. शांघायमध्ये त्याची फी भाडेकरूकडून साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के असते. भाड्याची रीत ‘या यी फू सान’: एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. म्हणजे पहिल्याच दिवशी चार महिन्यांचे पैसे आणि वर दलाली. इथला पहिला पगार यायच्या आत हे द्यावं लागतं, त्यामुळे कंपनीकडून उचल मिळते का ते विचारा. महिन्याच्या महिन्याला भाडं घेणाऱ्या, खोल्या सांभाळणाऱ्या कंपन्याही आहेत. एकट्या माणसाला त्या बऱ्या पडतात.

घर पाहायला जाल तेव्हा खिडकीतून दिसणारा देखावा शेवटी बघा. आधी हे विचारा:

- मालक पोलीस नोंदणीला त्याच्या मालकीच्या कागदाची प्रत देईल का? ‘नंतर बघू’ म्हणाला तर उठा.
- फाप्याव, म्हणजे सरकारी पावती, देईल का? कंपनी घरभाड्याची करसवलत देत असेल तर तिच्याशिवाय ती मिळत नाही. काही मालक पावतीच्या बदल्यात भाडं वाढवतात.
- खोली मूळची आहे की लाकडी पार्टिशन घालून केलेली? एका घराचे सहा तुकडे करून भाड्यानं देणं इथे बेकायदा आहे, आणि अशा खोलीची नोंदही होत नाही.

जुन्या सरकारी वसाहतींत सहा मजल्यांपर्यंत लिफ्ट नसते. भाडं कमी, शेजार चांगला, गुडघे मात्र तुमचे. जुन्या फ्रेंच वस्तीतल्या गल्ल्यांमधली घरं फोटोत फार सुंदर दिसतात. ओल आणि उंदीर फोटोत येत नाहीत. जून-जुलैमध्ये इथे मेईयू नावाचा पाऊस लागतो. चिनी लोक त्याला आलुबुखाराच्या जातीच्या फळाचं नाव देतात, कारण तेव्हा ती फळं पिकतात. तळमजल्यावर घर घेतलंत तर चामड्याच्या चपलांना कोकणातल्यासारखी बुरशी येईल. ओलावा शोषणारं यंत्र घ्यावंच लागतं.

आणि थंडी. उत्तर चीनमध्ये सरकारी केंद्रीय हीटिंग असतं. शांघाय त्या सोयीच्या हद्दीच्या दक्षिणेला पडतं, म्हणून इथे ते नाही. दरवर्षी निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या वाचून आपण थंडी ओळखतो असं मला वाटायचं. पण निफाडला दुपारी ऊन पडतं. इथे जानेवारीत दिवसभर ढग आणि घराच्या आत बाहेरइतकीच थंडी, वर दमट. एसीचा गरम झोत चालतो का, खिडकीच्या फटी बुजलेल्या आहेत का, हे ऑगस्टमध्ये घर पाहतानाही तपासा. विजेच्या दिवसा-रात्रीच्या दराची सोय त्या मीटरवर आहे का ते विचारा. असेल तर रात्री १० ते सकाळी ६ दर निम्म्याच्या आसपास पडतो. वॉशिंग मशीन तेव्हाच लावायचं.

ताबा घेताना मीटरचे आकडे, भिंतीवरचे डाग, फर्निचरचे ओरखडे यांचा सलग व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला वीचॅटवर पाठवा. माझ्या पहिल्या मालकानं निघताना डिपॉझिटमधून टेबलाच्या जुन्या ओरखड्याचे पैसे कापले, कारण माझ्याकडे पुरावा नव्हता. वीज, पाणी, गॅसच्या प्रत्येक बिलावर ग्राहक क्रमांक असतो, त्याला हूहाव म्हणतात. तो अलीपेमध्ये भरला की पुढची बिलं फोनवर येतात.

## ७. कचरा

हसू नका, वसाहतीत तुमची इज्जत यावर ठरते. २०१९ च्या १ जुलैपासून शांघायमध्ये कचरा चार प्रकारांत वेगळा करणं सक्तीचं आहे: ओला (तपकिरी डबा), सुका (काळा), पुन्हा वापरण्याजोगा (निळा), घातक (लाल). नियम आला तेव्हा शहरभर एक युक्ती फिरत होती: डुक्कर खाईल तो ओला, डुक्करही खाणार नाही तो सुका, डुक्कर खाऊन मरेल तो घातक, आणि विकून डुक्कर घेता येईल तो पुनर्वापराचा. मी अजून याच कसोटीवर चालतो. नारळाची करवंटी सुक्यात, मोठी हाडंही सुक्यात.

बहुतेक वसाहतींत डबे सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळेतच उघडतात. ओला कचरा डब्यात ओतायचा आणि प्लॅस्टिकची पिशवी वेगळ्या डब्यात टाकायची. चुकलात तर ५० ते २०० युआन दंड, पण त्याआधी डब्याशेजारी उभ्या असलेल्या आजी तुमची पिशवी सगळ्यांदेखत उघडून दाखवतात. दंड परवडला.

## ८. खाणं

शाकाहारी माणसासाठी ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी खातो, हे वाक्य. पण तेवढ्यावर विसंबू नका. ‘मांस नको’ म्हटल्यावर वरचे तुकडे काढतात, खिमा राहतोच. मापो तोफूत (सोयाबीनच्या पनीरचा तिखट पदार्थ) खिमा असतो. परतलेल्या फरसबीत बहुतेकदा डुकराचा खिमा. साध्या पालेभाजीत कोंबडीच्या चवीची पूड, ‘जीचिंग’. ‘रोउमो बू याओ, जीचिंग बू याओ’ (खिमा नको, ती पूड नको) असं दोन्ही नावं घेऊन सांगायचं. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची ‘दी सान श्येन’ ही भाजी मागवा, ती बहुधा बिनमांसाची निघते आणि भाताबरोबर घरच्यासारखी लागते.

कांदा-लसूणही नको असेल तर बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं गाठा. मंदिरांच्या स्वयंपाकात कांदा-लसणाच्या जातीचे पदार्थ वर्ज्य असतात. आमच्या जैन मित्राचा पर्युषणाच्या आधीचा आठवडा यावरच निभावला. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचं कुंगदलिन १९२२ पासून चालू आहे. तिथे ‘बदक’ म्हणून येतं ते सोयाबीनचं असतं, दचकू नका.

भाजीबाजारात कोथिंबीर (श्यांगछाय), कारली, दुधी, आलं, हिरव्या मिरच्या मुबलक. भेंडी मिळते, महाग. मेथी मला अजून भेटायची आहे. साबुदाण्यासारखी दिसणारी शीमी घेऊन एकादशीला खिचडी करायला गेलो तर तिची खळ झाली, पुस्तकं चिकटवण्याजोगी. गूळ म्हणून होंगथांग चालतो. डाळी, पोहे, मसाले भारतीय दुकानदार वीचॅटच्या गटांवर विकतात. गटात शिरायला ओळखीचा माणूस लागतो.

बाहेरून मागवायला पत्ता चिनी लिपीत लागतो. घरमालकाकडून तो एकदा नीट टाइप करून घ्या. पार्सलच्या संदेशात आकड्यांचा कोड येतो. तो वसाहतीतल्या पेटीवर दाबला की दार उघडतं.

इथे माणसांना हाक मारायची रीत आपल्याला लगेच जमते. रिक्षा नाही, पण टॅक्सीवाला, नळवाला, दुरुस्तीवाला या सगळ्यांना ‘शीफू’. दुकानदाराला ‘लाओबान’, आपला शेठ. घरकामाच्या बाईला, भाजीवालीला ‘आयी’. अर्थ मावशीचा, पण कानावर जवळजवळ आईच पडते. माझी आई इथे आली होती तेव्हा भाजीबाजारात कुणीही आयी म्हणून हाक मारली की मागे वळायची.

## ९. फिरणं

मेट्रोचं भाडं ६ किलोमीटरपर्यंत ३ युआन, पुढच्या दर १० किलोमीटरला १ युआन. अलीपेमधला कोड दाखवून आत जाता येतं. दोन नंबरची लाइन पुदोंग आणि हुंगच्याओ या दोन्ही विमानतळांना जोडते. प्रत्येक स्टेशनवर बॅग तपासतात. रात्री साडेदहाच्या पुढे शेवटची गाडी हुकू शकते.

टॅक्सीसाठी ‘दीदी’ नावाचं अ‍ॅप, इंग्रजीत चालतं. रेल्वेसाठी १२३०६ हे सरकारी अ‍ॅप. वेगळं तिकीट लागत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. नाव इथेही जुळलंच पाहिजे. भारतीय वाहन परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालत नाही. चिनी परवान्यासाठी भारतीय परवान्याचं भाषांतर देऊन लेखी परीक्षा द्यायची, १०० पैकी ९० गुण. विजेच्या स्कूटरला नंबरप्लेट आणि हेल्मेट लागतं, आणि तिची बॅटरी घरात आणून चार्ज करायची नाही. आगी लागलेल्या आहेत.

## १०. आजारी पडलात तर

सरकारी रुग्णालयात थेट डॉक्टरकडे जाता येत नाही. आधी ग्वाहाव, म्हणजे केसपेपर: पासपोर्ट देऊन विभाग निवडायचा आणि पैसे भरायचे. मग डॉक्टर. डॉक्टरांनी तपासणी लिहिली की आधी पैसे, मग तपासणी, मग रिपोर्ट घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरकडे, मग औषधांचे पैसे, मग औषधं. प्रत्येक पायरीवर पैसे आधी. क्रम माहीत असला की दोन-तीन तासांत सुटका होते. नसला तर दिवस जातो.

हुआशान रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी परदेशी लोकांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे इंग्रजी बोलतात, पण फी कितीतरी पट. विमा त्या विभागाला लागू आहे का ते आधीच विचारून ठेवा. कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती चिनी लिपीत लिहून फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०, आग ११९.

## ११. पासपोर्ट नवा आला की

भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण शांघायमधल्या आपल्या वाणिज्य दूतावासात होतं. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण नव्या पासपोर्टाचा नंबर नवा असतो आणि इथली तुमची सगळी खाती जुन्या नंबराला बांधलेली असतात. निवास परवान्यातला बदल १० दिवसांच्या आत कळवायचा, हे कायद्यानं. त्याआधी पोलीस ठाण्यात नवी नोंद. पुढचा क्रम मी असा लावला: कामाचा परवाना, सिम, बँक, मग अलीपे आणि वीचॅट, शेवटी रेल्वे आणि विमा. सिमच्या आधी बँकेत गेलात तर परत पाठवतील. प्रत्येक ठिकाणी जुना, रद्द केलेला पासपोर्टही मागतात, म्हणून तो कपाटात टाकू नका.

मी इतकं सगळं ओळीनं केलं आणि रेल्वेचं अ‍ॅप विसरलो. हुंगच्याओ स्टेशनच्या फाटकाशी नवा पासपोर्ट ठेवला तर तिकीट जुन्याच्या नावावर. पिशवीत जुना होता. शेजारी, जिथे यंत्राऐवजी माणूस तपासतो त्या फाटकावरच्या बाईंनी दोन्ही उघडून शेजारी शेजारी धरले, खालच्या ओळीतलं नाव बोटानं अक्षर अक्षर वाचलं, आणि गाडी सुटायला चार मिनिटं असताना मला आत सोडलं.